महिन्याने परतणारे जंत

पत्र :

माझ्या सहा वर्षांच्या मुलाला गेले पाच महिने जंतांचा त्रास आहे. रात्री झोपेतून उठून खाजवतो, रडतो. एकदा चड्डीवर पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे बारीक किडे दिसले. डॉक्टरांनी गोळी दिली, महिनाभर बरं वाटलं आणि पुन्हा सुरू. असं तीनदा झालं. सासूबाई म्हणतात, गोळीने जंत नुसते गुंगतात, मुळातून काढायचे तर वावडिंगच हवं. चार दिवस मधातून चूर्ण दिलं. त्याला मळमळलं, खाज मात्र तशीच. आता मात्रा दुप्पट करावी असं त्यांचं म्हणणं आहे. मी एक ‘कृमिशुद्धी’ संच ऑनलाइन मागवला आहे. त्यात वर्मवुड, काळा अक्रोड आणि लवंग यांचे अर्क आहेत, आणि सगळ्या घराने तो एकदम घ्यायचा असतो. मी तिसऱ्या महिन्याची गरोदर आहे. मीही घेऊ का? मुलगा रोज झोपताना विचारतो, “आई, किडे अजून आहेत का?” आणि मला काय बोलावं ते सुचत नाही.

– थकलेली आई

उत्तर :

ताई,

आधी दोन गोष्टी आजच करा, बाकीचं पत्र मग सावकाश वाचा. वावडिंगाची मात्रा दुप्पट करू नका. आणि तो संच तुम्ही स्वतः मुळीच घेऊ नका, मुलालाही देऊ नका. या दोन्हींची कारणं सांगते, पण तोवर बाटल्या मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा जागी ठेवा.

माझं शिक्षण आयुर्वेदाचं. वनस्पतींना नाव ठेवणाऱ्यांपैकी मी नाही, हे तुमच्या सासूबाईंना आवर्जून सांगा. त्यांना जे माहीत आहे ते खोटं नाही. वावडिंग, पळसाचं बी, कंपिल्लक, डाळिंबाच्या मुळाची साल, किरमाणी ओवा ही सगळी जुनी कृमिघ्न द्रव्यं आहेत आणि त्यातल्या काहींमध्ये खरोखर जंतांवर चालणारे घटक सापडले आहेत. फक्त तुमच्या घरातलं कोडं ‘कोणतं औषध जास्त जालीम’ हे नाहीच. तुमच्या पत्रातला एकच शब्द मला महत्त्वाचा वाटला, तो म्हणजे ‘महिनाभर’.

तुम्ही वर्णन केलेत ते बहुधा सुतकृमी. यांचं आयुष्यच असं आहे की गिळलेल्या अंड्यापासून अंडी घालणारी मादी तयार व्हायला साधारण महिना लागतो. मादी रात्री, मूल झोपल्यावर, आतड्यातून बाहेर येते आणि गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर हजारो अंडी चिकटवून ठेवते, एका मादीची दहा हजारांपर्यंत. म्हणून खाज रात्रीची. मूल झोपेत खाजवतं, अंडी नखांखाली जातात, चार-सहा तासांत ती पुढच्या प्रवासाला तयार होतात आणि सकाळी बोट तोंडात गेलं की फेरा नव्याने सुरू. काही अंडी चादरीवर, चड्डीवर, खेळण्यांवर, दाराच्या कडीवर जातात आणि तिथे दोन-तीन आठवडे तग धरतात.

आता तुमच्या तीन गोळ्यांकडे पाहा. जंतांची गोळी पोटातले जिवंत जंत मारते, अंडी नाही. म्हणून सुतकृमींसाठी दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. पहिल्या गोळीच्या वेळी जे अंड्यात होते ते तोवर बाहेर आलेले असतात, पण नव्याने अंडी घालण्याइतके मोठे झालेले नसतात, नेमके त्या मधल्या काळात त्यांना गाठायचं असतं. तुमच्या पत्रात दर खेपेला ‘गोळी’ एकच आहे, आणि ती एकट्या मुलाला दिलेली आहे. मोठी भावंडं, वडील, आजी, तुम्ही, यांपैकी कुणाला औषध मिळाल्याचा उल्लेख नाही. सुतकृमी एकाच अंथरुणात झोपणाऱ्यांत, एकाच टॉवेलला हात पुसणाऱ्यांत सहज फिरतात, आणि मोठ्यांना कित्येकदा खाजसुद्धा होत नाही. त्यामुळे गोळी निकामी ठरली असं मला वाटत नाही. ती बरोबर एक फेरा तोडत होती, आणि घरातून दुसरा फेरा आत येत होता.

म्हणूनच मात्रा दुप्पट करून काही साधणार नाही. वावडिंग काय किंवा दुसरं काही काय, पोटात गेलेलं औषध चादरीवरच्या अंड्याला शिवत नाही.

सासूबाईंशी बोलताना एक आधार त्यांच्याच बाजूचा घ्या. चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमींच्या चिकित्सेचे तीन भाग सांगितले आहेत : अपकर्षण म्हणजे जंत बाहेर काढणं, प्रकृतिविघात म्हणजे ते ज्या वातावरणात वाढतात ते बिघडवणं, आणि निदानपरिवर्जन म्हणजे ज्या कारणाने ते होतात ते कारणच टाळणं. आज आपण कृमिघ्न म्हणून जे चूर्ण देतो ते पहिल्या दोन भागांत बसतं. तिसरा भाग मात्र घरोघरी गळून गेला आहे, आणि मला मनापासून वाटतं की आपल्या परंपरेचं हे सर्वांत मोठं नुकसान आहे. सूक्ष्मदर्शक नसलेल्या काळात अंडी दिसणं शक्य नव्हतं, म्हणून कारणं मुख्यतः आहारविहारात शोधली गेली. आज कारण नेमकं कळलं आहे, ते नखाखाली आहे. मग नख कापणं हेच निदानपरिवर्जन, आणि ते करणारी आजी परंपरेच्या जास्त जवळ आहे.

आता वनस्पतींच्या जालीमपणाविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘नैसर्गिक आहे, काय होणार’ हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि त्याचे परिणामही पाहिले आहेत.

किरमाणी ओव्याच्या न उमललेल्या कळ्यांपासून १८३० मध्ये सँटोनिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. पुढे शंभराहून अधिक वर्षं ते जगभर गोल जंतांवरचं अधिकृत औषध होतं. औषध खरं होतं, जंत पडत होते. पण घेणाऱ्याला सगळं जग पिवळं दिसू लागे, आणि मात्रा थोडी चुकली तर झटके येत. अमेरिका खंडातल्या चेनोपोडियम या उग्र वासाच्या वनस्पतीचं तेल विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हुकवर्म या रक्त पिणाऱ्या जंताविरुद्धच्या मोठमोठ्या मोहिमांत वापरलं गेलं. त्यानेही जंत मरत, आणि त्यानेच काही मुलं दगावली, कारण तेलातला कामाचा घटक दर खेपेला सारखा नसे. युरोपात चपट्या कृमींसाठी नर नेचाचा अर्क देत. त्याच्याबरोबर एरंडेल दिलं की विष जास्त शोषलं जाई, आणि दृष्टी गेल्याच्या नोंदी आहेत. ही द्रव्यं सोडून दिली गेली ती परकी किंवा जुनाट ठरली म्हणून नव्हे. जंत मारणारी मात्रा आणि माणसाला इजा करणारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडं होतं, इतकंच त्यामागचं कारण. मुलाचं शरीर लहान, म्हणून ते अंतर आणखी कमी.

आताच्या गोळीचा गुण नेमका इथे आहे. अल्बेंडाझोल आतड्यातून रक्तात फार थोडं शोषलं जातं, बहुतेक काम आतड्यातच करतं, आणि प्रत्येक गोळीत किती औषध आहे ते लिहिलेलं असतं. ते सगळ्यांना, सगळ्या वेळी निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. पण त्याचं मोजमाप आहे. तुमच्या डब्यातल्या वावडिंगाचं मोजमाप कुणाकडे आहे? वावडिंगाचा मुख्य घटक एम्बेलिन. तो फळ कोणत्या जातीचं, किती जुनं, कसं साठवलेलं यावर खूप बदलतो. वावडिंग म्हणून विकल्या जाणाऱ्या फळांत दुसऱ्याच वनस्पतींची सारखी दिसणारी फळं मिसळलेली आढळतात, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. चार दिवसांत त्याला मळमळलं, ते शरीराने सांगितलेलं ऐका.

वनस्पतींच्या बाजूचा पुरावाही सांगायला हवा, नाहीतर मी एकाच पारड्यात वजनं टाकते आहे असं होईल. नायजेरियातल्या ६० मुलांवरचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या मुलांना वाळवलेल्या पपईच्या बिया मधातून दिल्या, अर्ध्यांना नुसता मध. बियांच्या गटातल्या ३० पैकी २३ मुलांच्या शौचात परजीवी दिसेनासे झाले, मधाच्या गटात ३० पैकी फक्त ५. अभ्यास लहान आहे, पण माणसांवर केलेला आहे, तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेला आहे, आणि म्हणून मला तो मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या कृमिघ्न द्रव्यांवरचे कितीतरी प्रयोग बशीत गांडूळ ठेवून, ते किती मिनिटांत निपचित पडलं हे मोजून केलेले असतात. गांडूळ मातीत राहणारा, वलयांचं शरीर असलेला प्राणी. सुतकृमी त्याच्या जातकुळीतला नाही, आणि बशी म्हणजे आतडं नाही. तेवढ्या पुराव्यावर मी कुणाच्या लेकराला औषध देणार नाही. माणसांवरच्या नीट अभ्यासांतून वावडिंगाची लहान मुलांसाठी खात्रीची, सुरक्षित मात्रा ठरेल तेव्हा सर्वांत आधी आनंद मला होईल. चीनमध्ये जुन्या ग्रंथांतल्या वनस्पतीचा पाठपुरावा करून तू यूयू यांनी हिवतापावरचं आर्टेमिसिनिन शोधलं आणि त्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. तीही किरमाणी ओव्यासारखीच दवण्याच्या कुळातली वनस्पती. पण काढा प्या असं सांगून त्या थांबल्या नाहीत, कामाचा घटक वेगळा काढून, मोजून, तपासून त्यांनी तो दिला.

आता संचाबद्दल. वर्मवुड हीसुद्धा त्याच कुळातली कडू वनस्पती. तिच्यात थुजोन नावाचं द्रव्य असतं, ते मज्जासंस्थेवर काम करतं आणि जास्त झालं तर झटके आणू शकतं. लवंगेचं तेल थोड्या प्रमाणातही लहान मुलांच्या यकृताला घातक ठरू शकतं. असे संच विकणारे वापरणाऱ्यांची छायाचित्रं दाखवतात : शौचात पडलेले लांबच लांब दोरे, दोरखंडासारखे गुंते. ते बघून कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण अशा गोष्टी तपासल्या की बहुतेक वेळा आतड्यातला चिकट श्लेष्मा, गळून पडलेल्या पेशी आणि न पचलेले तंतू निघतात. जुलाब करणारं काहीही घेतलं तर असं पडू शकतं. म्हणजे संच काम करतो आहे असा जो पुरावा वाटतो तो संचानेच तयार केलेला असतो. सुतकृमी सेंटिमीटरभर लांबीचे असतात, दोरखंड नसतात.

तुमच्या गरोदरपणाबद्दल मी अगदी ठाम आहे. तिसरा महिना बाळाचे अवयव घडण्याचा काळ. वर्मवुड या काळात वर्ज्य. आणि वावडिंग? आयुर्वेदात पिप्पल्यादि योग म्हणून गर्भनिरोधासाठी सांगितलेलं एक मिश्रण आहे, पिंपळी, वावडिंग आणि टंकण म्हणजे टाकणखार यांचं. ज्या द्रव्याचा असा उपयोग परंपरेनेच नोंदवला आहे ते गरोदर बाईने जंतांसाठी घेणं परंपरेलाही मान्य होणार नाही. हे सासूबाईंना सांगितलंत तर त्या लगेच समजतील असं मला वाटतं. पपईच्या बिया आणि डाळिंबाच्या मुळाची सालही तुमच्यासाठी नाहीत. अल्बेंडाझोलही पहिल्या तीन महिन्यांत टाळतात, म्हणून घरातल्या इतरांची गोळी ‘चला, मीही घेते’ म्हणून घेऊ नका. तुमच्यापुरतं औषध द्यायचं का आणि केव्हा, हे तुमच्या प्रसूतितज्ज्ञ ठरवतील. तोवर तुमचा उपाय स्वच्छतेचा, आणि सुतकृमींच्या बाबतीत तो दुय्यम नाही. हा जंत पोटात दीड-दोन महिनेच जगतो. नवी अंडी आत गेली नाहीत तर औषधाशिवायही साखळी तुटते.

पहिली पायरी म्हणजे खात्री करून घेणं. सुतकृमींसाठी शौचाची साधी तपासणी पुष्कळदा काही दाखवत नाही, कारण अंडी शौचात नाही तर त्वचेवर असतात. सकाळी मूल उठल्या उठल्या, आंघोळीच्या आणि शौचाच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी गुदद्वाराच्या कडेला दाबून काचपट्टीवर चिकटवायची. लागोपाठ तीन सकाळी केलं तर बहुतेक वेळा निदान होतं. डॉक्टरांना ‘टेप परीक्षा करायची आहे’ असं सांगा, काचपट्ट्या प्रयोगशाळेतून मिळतात.

‘जंत’ हा आपला एकच शब्द वेगवेगळ्या प्राण्यांना लागतो, हेही लक्षात असू द्या. गोल जंत वितीएवढे लांब असतात. हुकवर्म अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरतो आणि रक्त पिऊन पांडुरोग आणतो. चपट्या कृमीचे फितीसारखे तुकडे पडतात. जिआर्डियासारखे जीव तर डोळ्यांना दिसतही नाहीत आणि त्यांना जंतांच्या नेहमीच्या एका गोळीने भागत नाही, वेगळे उपचार लागतात. त्यामुळे मुलाला कधी पोट फुगून जोराची कळ आणि उलट्या झाल्या, शौचात रक्त दिसलं, चेहरा पांढुरका पडत चालला किंवा वजन घटलं, तर काढा नाही आणि घरातली गोळीही नाही, थेट दवाखाना. फितीसारखे तुकडे पडले आणि सोबत झटके किंवा सततची डोकेदुखी असेल तर जंतांची गोळी घरी देणं विशेष धोक्याचं, कारण मेंदूत अळीच्या गाठी असल्या तर औषधाने तिथे सूज वाढते.

निदान पक्कं झालं की तुम्ही सोडून घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध आणि बरोबर दोन आठवड्यांनी पुन्हा. सहा वर्षांच्या मुलाला सहसा ४०० मिलिग्रॅमची गोळी देतात, पण ती तुमच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच, आणि लहान मुलाला ती कुटून किंवा चावून घ्यायला लावा, अख्खी गिळायला नको. दोन्ही तारखा भिंतीवर लिहून ठेवा. दुसरी तारीख फार घरांत विसरली जाते, कारण तोवर खाज थांबलेली असते.

आणि आता नखं. हे काम सासूबाईंकडे द्या. मुलाची नखं दर दोन-तीन दिवसांनी अगदी बारीक कापायची. रात्री घट्ट चड्डी घालायची, म्हणजे झोपेत बोट थेट त्वचेला लागत नाही. सकाळी उठल्याबरोबर, दुसरं काही करायच्या आधी, आंघोळ. रात्री घातलेली अंडी तिथेच असतात आणि वाहत्या पाण्याने जातात, म्हणून संध्याकाळच्या आंघोळीने हे काम होत नाही. टब किंवा बादलीत बसवून नको, पाणी वरून सोडा. अंतर्वस्त्रं रोज बदला. चादरी काढताना झटकू नका, गुंडाळून तशाच गरम पाण्यात टाका. झटकलं की अंडी उडतात. औषधाच्या दिवशी सगळ्यांची अंथरुणं, टॉवेल, मऊ खेळणी धुऊन घ्या, खिडक्या उघडून उजेड आत येऊ द्या, फरशी ओल्या फडक्याने पुसा. शौचानंतर आणि जेवणाआधी साबणाने हात, नखांच्या टोकांसकट. औषध घेणाऱ्यांनी हे निदान दोन आठवडे, तुम्ही सहा. घर खरवडून काढायची गरज नाही, आणि तुम्ही तर या अवस्थेत ते करूच नका. रोजची ही थोडीशी कामं नेमाने होणं पुरेसं आहे.

यातलं काही वाचून ‘माझं घर घाण आहे’ असं मनात आलं असेल तर ते काढून टाका. सुतकृमी सगळ्या प्रकारच्या घरांत होतात, मुलं एकत्र बसतात-खेळतात तिथे पसरतात. गोड खाल्ल्याने ते होत नाहीत, आणि पाळीव प्राण्यांकडूनही येत नाहीत, हा जंत माणसाचाच आहे. मुलाला खाजवण्याबद्दल कुणी रागावलं तर थांबवा. तो झोपेत खाजवतो, त्याच्या हातात काही नाही.

इतकं सगळं नेमाने करूनही दुसऱ्या मात्रेनंतर महिन्याने खाज परतली तर टेप परीक्षा पुन्हा करा. तेव्हा शाळेतल्या सोबत्यांचाही विचार करावा लागेल, आणि डॉक्टर कदाचित औषध आणखी काही वेळा द्यायला सांगतील.

राहिला मुलाचा रात्रीचा प्रश्न. “नाहीत रे, झोप” म्हणू नका, त्याला खाज सुटली की तुमचं बोलणं खोटं ठरेल. त्याला सांगा, “थोडे आहेत, दोऱ्याएवढे. ते तुला चावत नाहीत, नुसती खाज आणतात. त्यांची अंडी तुझ्या नखात लपतात, म्हणून आजी आणि तू मिळून नखं कापता.” आणि मग नखं कापायचं काम खरंच त्याच्या हाताने थोडं होऊ द्या. भिंतीवरच्या कागदावर पहिली गोळी, दुसरी गोळी आणि मधले चौदा दिवस त्यालाच आखू द्या, रोज सकाळी आंघोळ झाली की एक खूण. तो विचारेल तेव्हा कागदाकडे बोट करून सांगता येईल, अजून किती दिवस.